घोड्याच्या मागच्या पायाचं सुटं होणारं मॉडेल: घ्यावं की नाही?

घोड्याची शरीररचना शिकवणं हा माझा रोजचा उद्योग. त्यामुळे हे मॉडेल कपाटात शोभेला ठेवून नाही, तर विद्यार्थ्यांच्या हातात देऊन, आपटून-पाडून, पुन्हा जोडून पाहिलेलं आहे. उत्पादकाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. एकच साचा वेगवेगळ्या खोक्यांत घालून विकला जात असावा असा मला दाट संशय आहे, त्यामुळे नावाचा तसा उपयोगही नाही. वर्णनावरून ओळखू येईल.

मॉडेल पूर्ण आकाराचं, उजव्या पायाचं. मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकापासून खुरापर्यंत. म्हणजे स्टायफल, त्याखालची पिंढरी (घोडेवाले जिला गॅस्किन म्हणतात ती), मग हॉक, कॅनन (हॉकखालचं लांब नळीचं हाड), फेटलॉक (कॅननच्या खालच्या टोकाचा सांधा) आणि खूर. ज्यांचा घोड्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी: स्टायफल म्हणजे आपला गुडघा आणि हॉक म्हणजे आपला घोटा. हॉकचं मागे आलेलं टोक ही टाच. हाडांचा सांगाडा पक्का आहे आणि त्यावर नऊ सुटे तुकडे बसतात, काही चुंबकाने, काही खुंटीवर. प्लास्टिक कडक, रंग धुतला तरी जात नाही. फॉर्मलिनमध्ये टिकवलेल्या खऱ्या पायांच्या वासाने डोळे चुरचुरायचे ते बंद झालं, एवढ्या एका गोष्टीसाठीही कुणी हे घेतलं तर मी नावं ठेवणार नाही.

एक गोष्ट या मॉडेलने झकास साधली आहे. सगळं मांस हॉकच्या वर, खाली नुसते टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारे चिवट पट्टे). एक्स्टेन्सर डिजिटोरम ब्रेव्हिस हा चिमुकला स्नायू सोडला (तोही त्यांनी विसरलेला नाही, हॉकच्या खाली पुढच्या बाजूला बरोबर रंगवला आहे) तर कॅननवर दखल घ्यावी असं मांस नसतंच. पायाचं खालचं टोक हलकं, म्हणून तो पुढे फेकायला ताकद कमी लागते. पुस्तकातलं हे वाक्य विद्यार्थी पाठ करतात, पण मॉडेलवरचे तुकडे काढायला लागले की त्यांच्याच लक्षात येतं की हॉकखाली काढण्यासारखं काही उरलेलंच नाही.

आता पिंढरीच्या मागची बाजू. इथे ज्याने साचा केला त्याला मी दाद देते. गॅस्ट्रोक्नेमियस (पोटरीचा मोठा स्नायू, थोडक्यात गॅस्ट्रोक) याची दोन डोकी, म्हणजे हाडापासून निघणारे दोन भाग, आणि त्यांच्या मधे लपलेला सुपरफिशियल डिजिटल फ्लेक्सर, म्हणजे आमच्या भाषेत एसडीएफ. हा एसडीएफ वर मांडीच्या हाडामागच्या खळग्यातून निघतो तेव्हा गॅस्ट्रोकच्या आत असतो, आणि खाली हॉकजवळ येईपर्यंत आतल्या अंगाने वेढा घेऊन त्याच्या मागे, वरच्या थरात येतो. चित्रात हा वेढा कधीच नीट कळत नाही. इथे गॅस्ट्रोकच्या तुकड्याला आतल्या बाजूने तिरकी खाच दिली आहे. एसडीएफ सरळ ओढला तर निघत नाही, खाचेतून अर्धा फिरवावा लागतो. ज्याने तो एकदा हाताने फिरवून काढला तो परीक्षेत कोण आत नि कोण बाहेर हे चुकत नाही. पुढे टाचेच्या टोकावर एसडीएफ पसरून त्याची टोपी होते आणि दोन्ही बाजूंनी हाडाला पकडते. त्या पकडीही दाखवल्या आहेत. बाजूची पकड तुटली की टेंडन टाचेवरून घसरतो, बहुधा बाहेरच्या अंगाला. हे सांगताना मला आता फळ्यावर खडू घासावा लागत नाही.

सोलियसबद्दल मात्र काय बोलावं! घोड्यात हा स्नायू मुळातच फितीएवढा, फिब्युलाच्या (पिंढरीतल्या बाहेरच्या बारीक हाडाच्या) डोक्यापासून निघून गॅस्ट्रोकच्या टेंडनला मिळणारा. तो सुटा तुकडा करण्याचा हट्ट कशाला? खुंटी काडीएवढी बारीक, पहिल्याच तुकडीच्या हातात मोडली. विक्रेत्याला कळवलं तर ‘जपून हाताळा’ असं उत्तर आलं. विशीतली पोरं आणि जपून!

खोलवरचा डीप डिजिटल फ्लेक्सर, म्हणजे डीडीएफ, बरा आहे. त्याची तीन डोकी तीन छटांत आहेत. बाहेरचं मोठं डोकं हॉकच्या आतल्या-मागच्या अंगाला सस्टेन्टॅक्युलमवरून (टाचेच्या हाडाच्या कट्ट्यावरून) घसरत जातं, आतलं डोकं वेगळ्या वाटेने येऊन कॅननच्या वरच्या भागात त्याला मिळतं, हे सगळं बरोबर. ज्या आवरणातून मोठा टेंडन जातो ते निळ्या रेघेने दाखवलंय. जिवंत घोड्यात त्या आवरणात पाणी भरलं की अकिलिसच्या (टाचेला येणाऱ्या जाड टेंडनच्या) पुढे, हॉकच्या जरा वर, दोन्ही बाजूंना फुगा दिसतो आणि एकीकडून दाबला की दुसरीकडे उठतो. थरोपिन म्हणतात तो हाच. स्टायफलच्या मागचा पॉप्लिटियस स्नायू ठीक, त्रिकोणी, त्यात चुकण्यासारखं काही नाही.

पुढच्या बाजूला गाडी रुळावरून उतरते.

टिबियाच्या (पिंढरीच्या मुख्य हाडाच्या) पुढे तीन गोष्टी एकावर एक असतात. सगळ्यात वर लाँग डिजिटल एक्स्टेन्सर, तळाशी हाडाला लागून टिबियालिस क्रेनियालिस, आणि दोघांच्या मधे पेरोनियस टर्शियस. या तिसऱ्याला नाव स्नायूचं असलं तरी घोड्यात तो स्नायू उरलेलाच नाही. लाँग एक्स्टेन्सरबरोबर एकाच टेंडनने मांडीच्या हाडावरून निघणारा, हॉकच्या पुढच्या हाडांना आणि कॅननच्या माथ्याला पकडणारा, ताणला न जाणारा पांढरा दोर आहे तो. उत्पादकाने तो लालभडक रंगवला आहे. टिबियालिससारखाच लाल, मधे फुगीर, दोन टोकांना पांढरा. बघणाऱ्याला वाटणार की हा आकुंचन पावतो. अहो, हा आकुंचन पावत नाही हाच तर घोड्याच्या मागच्या पायाचा सगळा खेळ!

पुढे हा दोर, मागे जवळजवळ सगळा टेंडनचाच झालेला एसडीएफ. दोघेही मांडीच्या हाडापासून निघतात आणि हॉकच्या पलीकडे जातात. म्हणून स्टायफल वाकला की पुढचा दोर हॉकला वाकायला लावतो, स्टायफल सरळ झाला की मागचा हॉकला सरळ करतो. निरोगी घोड्याचा मागचा पाय उचला आणि स्टायफल वाकलेला ठेवून हॉक सरळ करून बघा. होणार नाही. झाला, तर पेरोनियस टर्शियस तुटलाय, आणि त्याच वेळी अकिलिस सैल पडून वरच्या कातडीला सुरकुती पडलेली दिसेल. पाय कुठे तरी अडकतो, घोडा जिवाच्या आकांताने मागे ओढतो, हॉक प्रमाणाबाहेर ताणला जातो आणि दोर तुटतो. गंमत अशी की असा घोडा त्या पायावर भार देऊन नीट उभा राहतो. काही महिने सक्तीची विश्रांती दिली तर बरेचसे बरेही होतात.

आता या मॉडेलची जाहिरात काय म्हणते? ‘हलणारे सांधे’. हलणारे म्हणजे कोणते, तर हॉक आणि फेटलॉक. स्टायफल पक्का चिकटवलेला. पुढचे-मागचे तुकडे काढले की हॉकचा बिजागर खुशाल मागेपुढे होतो आणि स्टायफल ढिम्म. म्हणजे जिवंत घोड्यात जे दिसलं की आम्ही दोर तुटल्याचं निदान करतो, तेच इथे वैशिष्ट्य म्हणून विकलं जातंय.

यावर उपाय सोपा निघाला. न ताणली जाणारी जाड दोरी घ्या. एक तुकडा मांडीच्या हाडाच्या पुढच्या खळग्यापासून कॅननच्या माथ्यापर्यंत, दुसरा मांडीच्या हाडाच्या मागून टाचेच्या टोकापर्यंत. दोन्ही ताणून बांधले की बिजागर जागच्या जागी अडकतो, ना पुढे ना मागे. स्टायफल पक्का असेल तर हॉकही पक्का, हे हाताला कळतं. मग विद्यार्थ्यांना विचारते, जिवंत घोड्यात स्टायफल पक्का कोण करतं? उत्तर तिथेच आहे: नीकॅप (गुडघ्याची वाटी) मांडीच्या हाडाच्या आतल्या मोठ्या कंगोऱ्यावर अडकवून ठेवणारा मीडियल पॅटेलर लिगामेंट, म्हणजे वाटीला खालच्या हाडाशी बांधणारा आतल्या बाजूचा पट्टा. एक पाय असा कुलूपबंद करायचा, दुसरा खुराच्या टोकावर टेकवून सैल सोडायचा, आणि उभ्या उभ्या डुलकी. मॉडेलमध्ये तिन्ही पॅटेलर लिगामेंट आहेत, पण नीकॅप चिकटवलेली असल्याने कुलूप लावून दाखवता येत नाही. तेवढा भाग अजूनही तोंडीच.

लाल पेरोनियस टर्शियसला मी पांढरा ऑइल पेंट मारून टाकला. वॉरंटी गेली असेल तर जाऊ दे.

टिबियालिस क्रेनियालिसचा टेंडन मात्र सुरेख. तो पेरोनियसच्या फाट्यातून बाहेर पडतो आणि त्याचे दोन भाग होतात. आतल्या अंगाला तिरका जाणारा क्युनियन टेंडन स्वच्छ दिसतो. स्पॅव्हिनमध्ये (हॉकच्या सांध्याच्या दुखण्यात) पूर्वी तो कापायची पद्धत होती, म्हणून घोड्यांच्या डॉक्टरांना त्याची जागा डोळे मिटून सांगता यायची. बाहेरचा लॅटरल एक्स्टेन्सर स्वतःच्या खोबणीतून हॉकवरून जाऊन कॅननवर लाँग एक्स्टेन्सरला मिळतो, तेही ठीक. स्ट्रिंगहॉल्ट या विकारात घोडा मागचा पाय झटक्यात पोटाकडे उचलतो, तेव्हा काही वेळा शस्त्रक्रियेत काढतात तो हाच.

सोबत दिलेला नावांचा तक्ता सरळ केराच्या टोपलीत टाका. त्यात ‘पेरोनियस लाँगस’ लिहिलाय. घोड्याला हा स्नायू नसतो. कुत्र्याच्या पायाचा तक्ता उचलून आकडे बदललेले दिसतात, कारण त्या आकड्याचा तुकडा मॉडेलवर सापडतच नाही. विद्यार्थी बिचारे शोधत बसतात. १९व्या शतकात लुई ओझू या फ्रेंच डॉक्टराने कागदाच्या लगद्यापासून अख्खा घोडा केला होता, तुकडा तुकडा सुटा होणारा. तेव्हा जे जमलं ते आज साच्यात प्लास्टिक ओतून जमू नये?

एवढं सगळं असून मी हे मॉडेल परत पाठवलेलं नाही आणि दुसऱ्या विभागाने विचारलं तर घ्या म्हणते. एसडीएफचा वेढा आणि हॉकच्या आतल्या बाजूचं काम दुसऱ्या कुठल्या मॉडेलवर इतकं चांगलं पाहिलेलं नाही. नाल ठोकणाऱ्यांनी किंवा नुसती घोडेस्वारी करणाऱ्यांनी मात्र यात पैसे घालू नयेत. त्यांना लागतं ते चालणाऱ्या घोड्याकडे नीट बघण्यात जास्त मिळेल. शिकवण्यासाठी घेणार असाल तर मागवण्याआधी विक्रेत्याकडून दोन फोटो मागा: एक लाँग एक्स्टेन्सर काढून टिबियाच्या पुढच्या बाजूचा, दुसरा स्टायफलचा बाजूने. पहिल्यात मधला पट्टा पांढरा असेल आणि दुसऱ्यात सांध्याला बिजागर दिसला, तर नवी आवृत्ती आली समजा. मला कळवा, आमचा जुना पाय मी पहिल्या वर्षाच्या पोरांना देऊन टाकेन.