तीन हजारांची ‘ओरिजिनल’ लेन्स

आधी माझा गाढवपणा सांगते, म्हणजे गॉगलची लेन्स विकणाऱ्या त्या माणसाच्या लबाडीला शिरकाव कुठून मिळाला ते कळेल.

पहिल्यांदा गुलमर्गला 14 दिवसांचा स्कीइंगचा कोर्स केला, तेव्हा हौसेने साडेनऊ हजारांचा स्की गॉगल घेतला होता. पहिल्याच आठवड्यात एका संध्याकाळी तो ओलाचिंब झाला. खोलीत बुखारी पेटलेली होती. बुखारी म्हणजे पत्र्याची, लाकडं जाळायची शेगडी. काश्मीरमध्ये थंडीत तिच्याभोवतीच संसार चालतो. मोजे वाळत होते त्याच तारेवर मी गॉगल अडकवला. सकाळी पाहते तर लेन्सच्या कडेचा फोम एका बाजूने सुटायला लागला होता आणि आतून धुकं धरलेलं. ते मी हातमोज्याने खसाखसा पुसलं.

आमचे इन्स्ट्रक्टर लांबूनच ओरडले, “मॅडम, अंदर हाथ मत लगाओ! झटको और छोड दो.” तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. स्की गॉगलच्या आतल्या बाजूला जो धुकं न धरणारा थर असतो, तो टीपकागदासारखा ओल शोषून घेतो आणि ओला असताना अगदी मऊ असतो. तेव्हा घासला की निघूनच येतो. झटकायचं, फार तर मऊ कापड नुसतं टेकवून पाणी टिपायचं, आणि साध्या हवेवर वाळू द्यायचं. एवढं साधं काम, पण घरी चष्मा पदराने पुसायची सवय, तीच तिथे केली.

परतीच्या सामानात गॉगल बुटांच्या बकलाशेजारी कोंबला. पिशवी होती, पण ती कुठल्या तरी खिशात. पुण्यात उघडला तर बाहेरच्या काचेवर उजव्या कडेला नखाएवढा ओरखडा. नजरेच्या वाटेत तो येतसुद्धा नव्हता! पण नव्या साडीला पडलेला डाग जसा आपल्यालाच दिसत राहतो, तसं झालं. मावसभाऊ म्हणाला, “टूथपेस्ट लाव गं, सीडीला चालायची.” लावली. ओरखडा होता तिथेच राहिला आणि भोवतीचा आरशासारखा निळा मुलामा मात्र उडाला. गाईच्या पाठीसारखे ठिपके. (मावसभावाशी बोलणं सुरू आहे, पण गॉगल या विषयावर नाही.)

कोपऱ्यावरच्या चष्मेवाल्या काकांनी मला खरं ते सांगितलं होतं, हेही कबूल करते. काच म्हणतो ती काच नसतेच, पॉलिकार्बोनेट असतं. ते मूळचं मऊ, त्याला टणकपणा येतो तो वरच्या थरामुळे. ओरखडा घासून काढायला गेलं की थरच जातो आणि पृष्ठभाग उंचसखल होऊन त्यातून दिसणारं वाकडं दिसतं. “हे आमचं काम नाही. ओरखडा कडेला आहे, तसाच वापरा, नाहीतर कंपनीची लेन्स मागवा.” कंपनीची लेन्स होती 5,800 रुपयांची आणि तेव्हा शिल्लक नव्हती.

मग तो भेटला. समाजमाध्यमावर खातं होतं, गॉगल आणि लेन्सचेच फोटो. माझ्या मॉडेलची लेन्स, कंपनीच्या खोक्यासकट, निळ्या फुलाफुलांच्या चादरीवर ठेवलेली. खाली लिहिलेलं: ओरिजिनल, डबल लेन्स, अँटिफॉग, यूव्ही 400, एस 3. यूव्ही 400 म्हणजे अतिनील किरण अडवणारी, एस 3 म्हणजे 8 ते 18 टक्के प्रकाश आत सोडणारी, लख्ख उन्हाची. भाषा सगळी बरोबर होती. मी मेसेज केला, त्याने फोन केला, आणि बोलला तो चक्क मराठीत. इथेच मी अर्धी विरघळले. किंमत 3,200. बिलाचं विचारलं तर म्हणाला, “ताई, बिल हवं असेल तर जीएसटी वर पडेल, 18 टक्के. कशाला उगाच?” मलाही वाटलं, कशाला उगाच.

पुढची गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. म्हणाला, लेन्स मशिनवर बसवावी लागते, तुम्ही गॉगलच पाठवा. आता मला माहीत आहे की माझ्या गॉगलची लेन्स हाताने निघते आणि हाताने बसते. रबरी फ्रेमच्या खाचेतून एक कड सोडवली की झालं. कंपनीच्या कागदावर चित्रांसकट दिलंय. तो कागद मी वाचला नव्हता. पत्ता म्हणून त्याने एका कुरियरच्या ऑफिसचं नाव दिलं, “तिथून मी उचलतो.” तेव्हाही मला काही खटकलं नाही. माझी जुनी लेन्स, ठिपक्यांची का होईना, पण दोन पदरांची आणि धड, फ्रेममध्येच होती. तीही गेली.

नऊ दिवसांनी पार्सल आलं. चकचकीत निळी लेन्स, होलोग्रामचं स्टिकर, वरून संरक्षक फिल्म. फिल्मवर छापलेलं: काढल्यास माल परत घेतला जाणार नाही. फिल्म काढल्याशिवाय आरपार दिसत नाही आणि काढली की तक्रारीची सोय संपली. जुनी लेन्स कुठे विचारलं तर, “काढताना तुटली, ताई. निश्चिंत राहा, ही त्याच्यापेक्षा भारी आहे.” आरशासमोर घालून पाहिला. पुण्यात हॉलमध्ये कुठला गॉगल धुकं धरणार?

फेब्रुवारीत पुन्हा गुलमर्ग. गोंडोलाच्या, म्हणजे तिथल्या रोपवेच्या, पहिल्या टप्प्यावर, कोंगडुरीला, आकाशात पातळ ढग होते. दहा मिनिटांत गॉगल आतून पांढरा. माठातल्या पाण्याने भरलेल्या तांब्याला घाम सुटतो, तेच झालं: एका अंगाला गोठवणारी हवा, दुसऱ्या अंगाला माझा घाम आणि श्वास, मध्ये एकच पापुद्रा. डबल लेन्समध्ये दोन पदरांच्या मध्ये हवा कोंडलेली असते, म्हणून आतला पदर तेवढा गार पडत नाही. हे मी वाचलेलं होतं, तरी डोक्यात आलं नाही. वाटलं, आपल्यालाच घाम जास्त येतोय.

गॉगल हेल्मेटवर सरकवला आणि दुपारपर्यंत उघड्या डोळ्यांनी स्की केलं. ऊन कुठे होतं? ढगच तर होते! पण पातळ ढगातून अतिनील किरण बरेचसे खाली येतात. दर 1,000 मीटर उंचीला ते साधारण 10 टक्क्यांनी वाढतात. कोंगडुरी 3,000 मीटरच्या आसपास. आणि ताजा बर्फ त्यातले 80 टक्क्यांपर्यंत परत तुमच्याच तोंडावर फेकतो. टोपीची कड वरून वाचवते, खालून येणाऱ्याचं काय?

त्या वेळी काहीच कळलं नाही. संध्याकाळी सातला चहा पिताना डोळ्यांत वाळू गेल्यासारखं वाटलं. नऊला उघडेनात. किलोभर कांदे चिरल्यासारखी धार लागलेली, आणि बल्ब नुसता लावला तरी सुरी खुपसल्यासारखं. खोलीतली मुलगी घाबरली, “ताई, तुम्हाला दिसतंय ना?” दिसत होतं, पण डोळा उघडला तर. डॉक्टरांनी सांगितलं, बुबुळावरचा पारदर्शक पडदा उन्हाने भाजलाय. अंगाची कातडी भाजते तसाच. याला हिमांधत्व म्हणतात, काही तासांनी उठतं, आणि बहुतेक एक-दोन दिवसांत भरून येतं. थेंब, गार पट्ट्या, अंधार, डोळे चोळायचे नाहीत. दोन दिवस मी पडदे ओढून पडून होते आणि खिडकीखालून लोकांच्या स्कीचा सर्र सर्र आवाज ऐकत होते.

तिसऱ्या दिवशी इन्स्ट्रक्टरनी गॉगल हातात घेतला. मोबाइलचा टॉर्च आतल्या बाजूने लेन्सवर धरला. डबल लेन्सला दिव्याची प्रतिबिंबं एकामागे एक, थोडी सरकलेली दिसतात. त्यांच्या गॉगलमध्ये दिसली. माझ्यात एकाच जागी. मग कडेवरून बोट फिरवलं: दोन पदर नाहीत, मधला फोम नाही, फ्रेमला सिलिकॉन फासून प्लॅस्टिकचा एक रंगीत पत्रा चिकटवलेला. वरच्या फटी, जिथून दमट हवा बाहेर जायची, त्यासुद्धा त्या चिकट्याने बुजलेल्या. “ये लेन्स नहीं है मॅडम, जुगाड है.” चिकटा काढताना खाच फाटली. म्हणजे फ्रेमही गेली.

फोन केला तर नंबर बंद, खातं गायब. पैसे मागवलेल्या खात्यावरचं नाव वेगळंच होतं, ते मी पैसे पाठवताना पाहिलंही होतं. ऑनलाइन पैशांच्या फसवणुकीसाठी 1930 हा नंबर आहे, पण तिथे पहिले काही तास मोलाचे असतात. पैसे पुढे सरकायच्या आत ते अडवता आले तर येतात. मी पाच आठवड्यांनी फोन केला. तक्रार नोंदली गेली, पैसे आले नाहीत. ग्राहकांच्या 1915 या हेल्पलाइनवर त्यांनी मला विचारलं, बिल आहे का, विक्रेत्याचं नाव-पत्ता? 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे मला पुण्यातच जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते, पण कुणाविरुद्ध? माझ्याकडे एक बंद मोबाइल नंबर आणि एका चादरीचा फोटो. जीएसटीचे वाचवलेले 576 रुपये मला तेव्हा आठवले.

आता नवीन गॉगल आहे, सोबत ढगाळ दिवसासाठी फिकट गुलाबी लेन्स आहे, दोन्ही बिलासह. कडेला एक बारीक चरा पडलाय. तो आहे तसा आहे. बुखारीच्या खोलीत गॉगल उशाशी, त्याच्या पिशवीत असतो.

गेल्या महिन्यात बहिणीने एका नव्या खात्याची लिंक पाठवली. नाव दुसरं, पण खोक्याखाली तीच निळ्या फुलांची चादर. तिच्या नंबरवरून मी विचारलं: लेन्स सिंगल आहे की डबल, आणि बसवायला गॉगल पाठवावा लागेल का? मिनिटभरात उत्तर आलं. “हो, पाठवा. निश्चिंत राहा, ताई.”