सॅव्हेज ९९: काडतुसं मोजून दाखवणारी लिव्हर रायफल

लिव्हर-अ‍ॅक्शन, म्हणजे ट्रिगरखालची दांडी खालीवर करून काडतूस भरायची रायफल, म्हटलं की सगळ्यांना विंचेस्टर आठवते, पण माझा जीव सॅव्हेज ९९ वर, आणि त्याचं कारण तिचं मॅगझिन, म्हणजे काडतुसं साठवायची जागा. विंचेस्टर ९४ मध्ये नळीखालच्या ट्यूबमध्ये काडतुसं एकामागे एक असतात, म्हणजे मागच्या गोळीचं नाक पुढच्या काडतुसाच्या प्रायमरला (बुडाशी असलेली, ठोक्याने पेटणारी टिकली) टेकलेलं, ते टोकदार असलं तर झटक्याने आतच बार उडायची भीती, म्हणून चपट्या नाकाच्या गोळ्या वापरायच्या आणि त्यांचा वेग लांब जाईपर्यंत पार पडतो. आर्थर सॅव्हेजने (माणूस जन्माने जमैकाचा, कारखाना न्यूयॉर्क राज्यात युटिकाला) ही भानगडच ठेवली नाही. फिरत्या पितळी चकरीवर पाच काडतुसं गोल बसवली, कोणाचं नाक कोणाला लागत नाही, आणि डाव्या बाजूच्या छोट्या खिडकीत किती उरली तो आकडा दिसतो. हे १८९९ मध्ये बरं का!

बाहेर घोडाच (ठोका देणारा हातोडा) नाही, त्यामुळे झुडपात अडकायला काही नाही. लिव्हर मिटली की बोल्टचा (काडतुसामागून नळी बंद करणारा दांडा) मागचा भाग वर उचलून रिसीव्हरच्या (रायफलीचा मधला धातूचा सांगाडा) जाड भिंतीला टेकतो, ताकद तिथून येते. म्हणून तर १९१५ ला .२५०-३००० हे काडतूस आलं, ८७ ग्रेन वजनाची गोळी सेकंदाला ३००० फूट, आराखडा काडतुसं घडवणाऱ्या चार्ल्स न्यूटनचा. मग १९२० ला .३०० सॅव्हेज, आखूड काडतूस पण ताकदीत तेव्हाच्या मोठ्या .३०-०६ काडतुसाच्या जवळ जाणारं, पुढे अमेरिकन सैन्याने .३०८ काडतुसाचे प्रयोग सुरू केले ते याच्याच केसवरून (काडतुसाचं धातूचं कवच), आणि १९५० च्या दशकात ते .३०८ परत ९९ मध्येच आलं, मूळ आराखडा फारसा न बदलता. मला यापेक्षा मोठं सर्टिफिकेट सुचत नाही.

वापरायला म्हणाल तर हातात तोल मस्त बसतो, रिकामी केस उजवीकडे पडते म्हणून वर स्कोप (नेम धरायची दुर्बीण) लावता येतो, विंचेस्टरची केस कित्येक वर्षं वरूनच उडायची. पण खोलून साफ करणं किचकट आहे, आणि जुन्या रायफलींचा सेफ्टी लिव्हरजवळ असल्याने अंगठ्याला पटकन सापडत नाही, टँगवर (रिसीव्हरची मागे दस्त्यात जाणारी पट्टी) तो नंतर आला.

१९६० च्या दशकात सुटं मॅगझिनवालं ९९सी काढलं तिथे मात्र मन खट्टू होतं, चकरी गेली आणि आकड्याची खिडकीही गेली. घ्यायची तर चकरीवालीच घ्या, आणि टँगच्या मागे दस्त्याला चीर गेलीय का ते उजेडात धरून नीट बघा, जुन्या ९९ ला तिथेच जास्त तडे जातात.