गाओकाओचं इंग्रजी: आधी ऐकणं की आधी वाचणं?

जुलै २०२१ पासून चिनी शिकवणी संस्थांना परदेशात बसलेल्या शिक्षकांना कामावर घ्यायला मनाई आहे. त्यामुळे पुढचा आढावा मुख्यतः चीनमध्येच राहून उच्च माध्यमिकच्या मुलांना गाओकाओसाठी, म्हणजे तिथल्या विद्यापीठ प्रवेश परीक्षेसाठी, इंग्रजी शिकवणाऱ्या आपल्या मराठी शिक्षकांसाठी. तास मोजकेच असतील, तर ते ऐकण्यावर घालावेत की उताऱ्यांवर?

मुलगा कुठल्या प्रांतातून परीक्षेला बसणार हे आधी विचारा. राष्ट्रीय नव्या प्रश्नपत्रिकेत १५० पैकी ३० गुण ऐकण्याला आणि ५० वाचनाला आहेत. बीजिंगमध्ये ऐकणं आणि बोलणं मिळून ५० गुणांची वेगळी परीक्षा संगणकावर होते, त्यातले ३० ऐकण्याचे. ग्वांगदोंगमध्ये ऐकणं-बोलणं मिळून २० च गुण. म्हणजे तिथे वाचनाचं पारडं उघडच जड.

राष्ट्रीय प्रश्नपत्रिकेत ३० विरुद्ध ५० पाहून सगळे वाचनाकडे धावतात. मला हे पटत नाही. ऐकण्याच्या भागातली भाषा सोपी असते: दुकान, दवाखाना, रेल्वेची वेळ, वर्गातल्या गप्पा. नमुन्याचा प्रश्नच बघा: शर्ट केवढ्याला? पर्याय १९.१५, ९.१८ आणि ९.१५ पौंड. शब्द सगळे ओळखीचे, तरीही मुलं गुण घालवतात. सुरुवातीचे पाच छोटे संवाद एकदाच ऐकवतात, आणि उत्तर देऊन पुढचा प्रश्न वाचायला जेमतेम १० सेकंद मिळतात. एका प्रश्नावर अडलेला मुलगा पुढचाही घालवून बसतो. नंतरचे लांब संवाद दोनदा ऐकवतात, तिथे सावरता येतं.

मुलं अडतात कारण त्यांनी शब्द डोळ्यांनी पाठ केलेले असतात. मँडरिनमध्ये अक्षराच्या शेवटी न आणि ङ सोडले तर व्यंजन जवळजवळ येतच नाही. त्यामुळे इंग्रजी शब्दाच्या शेवटचे ट, ड, क त्यांच्या कानातून निसटतात. ‘कॅन’ आणि ‘कान्ट’ यांत गल्लत झाली की अर्थच उलटा. यावर उपाय आहे आणि तो लवकर लागू पडतो: रोज पंधरा मिनिटं, एकच छोटा संवाद, वाक्य ऐकून लिहून काढायचं, मग छापील मजकुराशी ताडून पाहायचं.

वाचनाचं दुखणं वेगळं. चिनी भाषेत नामाचं सगळं वर्णन नामाआधी येतं. आपल्या ‘काल पुण्याहून आलेली मुलगी’सारखं. इंग्रजीत ते शेपटासारखं नामामागे लांबत जातं, आणि कर्ता कुठला, क्रियापद कुठलं हेच मुलाला सापडत नाही. मराठी शिक्षकाला ही अडचण चटकन दिसते, हा आपला मोठा फायदा. पहिला उतारा बहुधा जाहिरात किंवा माहितीपत्रकाचा असतो, तो निभतो. विज्ञान-समाजावरचे शेवटचे दोन उतारे मात्र दमवतात. साडेतीन हजारांच्या आसपासचा शब्दसाठा आणि लांब वाक्यं फोडायची सवय काही महिन्यांत येत नाही. प्रश्नपत्रिकांचा नुसता रतीब घालून तर नाहीच नाही.

निवड करायची सोपी चाचणी सांगते. चुकलेल्या संवादाचा छापील मजकूर मुलाच्या हातात द्या. वाचून झटकन कळला तर दोष कानाचा: पहिले दोन महिने ऐकण्याला द्या. वाचूनही कळला नाही तर ध्वनिफिती बाजूला ठेवा. शब्द आणि वाक्यरचना पक्की होईपर्यंत त्या ऐकवणं म्हणजे मुलाचा वेळ वाया.

मुलगा उच्च माध्यमिकच्या पहिल्या वर्षाला असेल आणि दोन्हींत सारखाच कच्चा असेल, तर मी ऐकण्यापासून सुरुवात करीन. तिसऱ्या वर्षाला असेल तर आठवड्यातले मोठे तास शेवटच्या दोन उताऱ्यांना, आणि ऐकण्याची पंधरा मिनिटं रोज, अगदी ८ जूनच्या इंग्रजीच्या पेपरपर्यंत.