थडग्यातलं हाड एकच: कार्बन डेटिंगला द्यावं की आयसोटोपला?

रंकाळ्याच्या कट्ट्यावर भाजलेलं कणीस खाता खाता भाचीनं विषय काढला. ती पुरातत्त्व शिकते. सीमेपलीकडे कर्नाटकातल्या एका महापाषाणयुगीन (मोठे दगड रचून केलेल्या) दफनातली थोडी हाडं आणि चार दात तिच्या मार्गदर्शकांकडे आहेत. नमुना कापायची परवानगीही मिळाली आहे, पण पैसे एकाच तपासणीपुरते. "मामा, कार्बन करू की आयसोटोप?" मी रसायनशास्त्रातला. खणणं मला जमत नाही, हाड विरघळवणं जमतं. तेव्हा माझं मत त्या बाजूनं झुकलेलं असणार, हे धरूनच वाचा.

थडगं कोणत्या शतकातलं याचा काहीच अंदाज नसेल, तर कार्बन. मडकी, लोखंडी हत्यारं, दफनाची पद्धत यांवरून काळ ढोबळ का होईना कळत असेल, तर आयसोटोप, म्हणजे माणूस काय खात होता नि कुठला होता याची तपासणी. भाचीला मी दुसरं सांगितलं. का, ते जरा लांबण लावूनच सांगावं लागेल.

कार्बन-१४ हासुद्धा कार्बनचा आयसोटोपच, म्हणजे समस्थानिक: त्याच मूलद्रव्याचा, पण वजनानं वेगळा अणू. फरक इतकाच की तो ठरावीक वेगानं नष्ट होत जातो. त्याचं अर्धायुष्य सुमारे ५७३० वर्षं. माणूस मेला की नवा कार्बन आत येणं थांबतं आणि असलेला घटत जातो. उरलेला मोजला की मृत्यूचा काळ निघतो. विलर्ड लिबी यांना याबद्दल १९६० चं नोबेल मिळालं. पन्नास हजार वर्षांपलीकडं ही पद्धत चालत नाही, पण आपल्या थडग्यांना तेवढं लागतच नाही. पूर्वी यासाठी शेकडो ग्रॅम हाड खर्ची पडायचं. आता ॲक्सिलरेटर मास स्पेक्ट्रोमीटर या, अणू वजनानुसार वेगळे करून मोजणाऱ्या यंत्राला अर्धा-एक ग्रॅम पुरतं. दिल्लीचं इंटर-युनिव्हर्सिटी ॲक्सिलरेटर सेंटर आणि अहमदाबादची भौतिक संशोधन प्रयोगशाळा इथं अशी यंत्रं आहेत, त्यामुळं नमुना परदेशी पाठवायलाच हवा असं राहिलेलं नाही.

कार्बन-१३ आणि नायट्रोजन-१५ मात्र नष्ट होत नाहीत. ते माणसानं काय खाल्लं ते सांगतात, आणि इथं कोल्हापूरकराला समजावणं सोपं जातं. ऊस, ज्वारी, बाजरी, नाचणी, मका ही झाडं हवेतला कार्बन एका रीतीनं घेतात. भात, गहू, डाळी, भाज्या दुसऱ्या रीतीनं. पहिल्या गटात कार्बन-१३ चं मान उणे १२ च्या आसपास (एका ठरलेल्या मानकाच्या तुलनेत, दर हजारी), दुसऱ्यात उणे २६-२७. ही दरी इतकी मोठी की हाडात ती लपत नाही. आता आपलाच विचार करा: ज्वारीची भाकरी, गुऱ्हाळावरचा गूळ, आणि गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर धार काढून दिलेलं म्हशीचं दूध. ती म्हैस उसाचं वाडं नि कडबा खाऊन जगलेली. म्हणजे दुधातही तीच खूण. आजऱ्याचा घनसाळ तांदूळ रोज खाणाऱ्याचं हाड मात्र उलट बोलेल. नायट्रोजन मांस-मासळीचं प्रमाण सांगतो; अन्नसाखळीत एक पायरी वर गेलं की तो हजारी तीन ते पाचनं वाढतो. तांबडा-पांढरा रस्सा हाडात असा उरतो.

पण त्या म्हशीत एक गोम आहे. हाडात 'ज्वारी'ची खूण दिसली म्हणून माणूस ज्वारी खात होता असं लगेच म्हणता येत नाही. माळरानावरच्या गवतावर पोसलेल्या गुरांचं दूध किंवा मांस खाल्लं तरी खूण तीच उमटते. त्यासाठी त्याच जागच्या गुरांची हाडंही मोजावी लागतात. तो खर्च अंदाजपत्रकात कोणी धरत नाही.

स्ट्रॉन्शियम हे मूलद्रव्य म्हणजे तिसरं प्रकरण, आणि माझं लाडकं. खडकातलं रुबिडियम हळूहळू स्ट्रॉन्शियम-८७ मध्ये बदलत राहतं. त्यामुळं रुबिडियम भरपूर असलेल्या जुन्या खडकात स्ट्रॉन्शियमच्या ८७ आणि ८६ चं गुणोत्तर चढं, तर तरुण लाव्हात उतरतं. खडकातून माती, मातीतून पीक, पिकातून दात. कोल्हापूर बसलंय बेसाल्टवर, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हावर. या लाव्हाच्या, म्हणजे डेक्कन ट्रॅपच्या, थरांपैकी एकाचं नावच पन्हाळा आहे. इथं गुणोत्तर ०.७०५ च्या आगेमागे. बेळगाव ओलांडून धारवाडच्या मुलखात शिरलं की अडीच-तीन अब्ज वर्षांचे खडक लागतात आणि आकडा ०.७१ च्या बराच वर जातो. बेसाल्टवर लहानाची मोठी झालेली मुलगी लग्न होऊन त्या बाजूला गेली आणि तिथंच मेली, तर तिची दाढ ते सांगेल. अशी दोन वेगळी भूगर्भं इथं एकमेकांना लागूनच आहेत. भाचीच्या दफनाला आयसोटोप शोभतो तो यासाठी.

यावर कोणी म्हणेल, तारीख नसेल तर या सगळ्या माहितीचं करायचं काय? रास्त आहे. पण तारखेत एक खड्डा आहे. कार्बनचा आकडा थेट वर्ष देत नाही. झाडांच्या वार्षिक वलयांशी ताडून तो दुरुस्त करावा लागतो. इ.स.पू. ८०० ते ४०० या पट्ट्यात ही दुरुस्तीची रेषा जवळजवळ सपाट आहे. तिथं २४५० ± ३० वर्षांपूर्वी असा छान नेमका आकडा आला, तरी खरी तारीख साधारण इ.स.पू. ७५० ते ४१० मध्ये कुठंही असू शकते. साडेतीनशे वर्षांचा घोळ. आणि विदर्भातल्या माहुरझरी-जुनापाणीसारख्या शिलावर्तुळांपासून कर्नाटकापर्यंत आपली लोहयुगीन दफनं बरीचशी याच पट्ट्यात येतात. मडक्यांवरून जे कळलं होतं तेच पैसे मोजून पुन्हा ऐकायचं.

दहा-वीस तारखा आणि थरांचा क्रम हाती असेल तर गोष्ट वेगळी. इंग्लंडमधलं वेस्ट केनेट हे नवाश्मयुगीन थडगं शतकानुशतकं वापरात होतं असा समज होता. अनेक हाडांच्या तारखा संख्याशास्त्रानं एकत्र मांडल्यावर कळलं की पहिली दफनं इ.स.पू. ३७ व्या शतकात, फार तर एखाद्या पिढीच्या अवधीत आटोपली. कार्बनची खरी ताकद ही. पण ती तारखांच्या मालिकेत आहे, एकट्या तारखेत नाही.

आयसोटोपही धुतल्या तांदळासारखा नाही. डेन्मार्कमधल्या एग्टवेडच्या कांस्ययुगीन मुलीचं उदाहरण मी वर्गात नेहमी देतो. २०१५ मध्ये स्ट्रॉन्शियमवरून ती दूर दक्षिण जर्मनीतली असावी असं जाहीर झालं, जगभर गाजलं. २०१९ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी दाखवलं की तुलनेसाठी घेतलेल्या आजच्या पाण्यात शेतात टाकलेल्या चुन्याचं स्ट्रॉन्शियम मिसळलेलं होतं. चुना न पडलेल्या जागा मोजल्या तर मुलगी जवळपासचीच असू शकते. आपल्याकडं उसाच्या मळ्यात काय काय पडतं ते सांगायला नको. तेव्हा स्थानिक पातळी ठरवायला झाडाची पानं नि गोगलगाई आणायच्या त्या देवराईतून, मळ्याच्या बांधावरून नव्हे.

आता अट कोलॅजेनची. तारीख काय किंवा नायट्रोजन काय, दोन्ही हाडातल्या कोलॅजेन या प्रथिनावर चालतात, आणि आपल्या उष्ण हवेत, पावसाळ्यानं दरसाल भिजणाऱ्या मातीत ते बहुधा उरत नाही. वजनाच्या एक टक्का तरी निघालं पाहिजे. कार्बन-नायट्रोजनचं गुणोत्तर २.९ ते ३.६ मध्ये बसलं पाहिजे. त्याबाहेर गेलं तर अहवाल कितीही देखणा असो, बाजूला ठेवायचा. संग्रहालयात जुनी हाडं सरसानं चिकटवलेली असली तर आणखी पंचाईत, कारण सरस म्हणजे जनावराचं कोलॅजेनच. ते वेगळं काढणं म्हणजे दुधातून पाणी काढणं.

कोलॅजेन संपलं की कार्बन डेटिंगचा रस्ता जवळपास बंद. पूर्ण जळून पांढरं पडलेलं हाड हा अपवाद. त्याच्या खनिजातल्या कार्बनवरून तारीख निघते. आयसोटोपचा मात्र अर्धा संसार शाबूत राहतो. दाताचं एनॅमल लहानपणी बनतं, पुन्हा बदलत नाही, मातीला दाद देत नाही. त्यातून स्ट्रॉन्शियम मिळतं, आणि भात की ज्वारी हेही. स्ट्रॉन्शियमसाठी न जळलेलं हाड कधीच देऊ नये. ते पुरल्यावर मातीचंच स्ट्रॉन्शियम शोषतं आणि प्रत्येक जण स्थानिक ठरतो.

उलट बाजूही सांगतो. मासे खाणाऱ्या किनाऱ्यावरच्या माणसाची कार्बनची तारीख शेकडो वर्षांनी जुनी येते, कारण समुद्रातला कार्बन आधीच म्हातारा असतो. मासे किती खाल्ले हे कळल्याशिवाय ती तारीख दुरुस्त करता येत नाही, आणि ते कळतं कार्बन-१३ आणि नायट्रोजन-१५ वरून. म्हणजे कोकणातलं दफन असेल तर निवडीचा प्रश्नच नाही, दोन्ही हवंच.

भाचीला मी हाडांना हात लावू नको म्हणालो. चार दातांपैकी पहिली दाढ घ्यायची, आधी सगळ्या बाजूंनी फोटो आणि सीटी स्कॅन. शिखरावरच्या एनॅमलचे दहा-वीस मिलिग्रॅम स्ट्रॉन्शियमला. त्याच दाढेच्या मुळातून कोलॅजेन काढून बघायचं. निघालं तर त्यातलं मिलिग्रॅमभर कार्बन-नायट्रोजनला, बाकीचं कुपीत घालून फ्रीजरमध्ये. पुढच्या वर्षी पैसे मिळाले तर तारीख त्यातूनच होईल. अक्कलदाढ सध्या राहू दे. ती माणूस दहा-बारा वर्षांचा असतानाची गोष्ट सांगते, आणि पहिल्या दाढेचा आकडा वेगळा आला तरच तिची गरज पडेल.

ती कणसाचं बुरकुंडं टाकत म्हणाली, "आणि पहिल्या दाढेचा आकडा स्थानिकच आला तर?"

"तर गोगलगाई गोळा करायला परत जायचं," म्हटलं.