केवळ मांस आणि चरबीचा आहार: एकदम सुरुवात करावी की टप्प्याटप्प्याने?

धान्य, डाळी, भाज्या, फळे आणि साखर बंद करून मांस, मासे, अंडी आणि प्राणिज चरबी एवढ्यावरच राहायचे, असा विचार ज्यांनी जवळजवळ पक्का केला आहे, त्यांच्यासमोर दोन वाटा असतात. एक म्हणजे ठरलेल्या दिवसापासून बाकी सारे सोडणे आणि दुसरी म्हणजे काही आठवड्यांत एकेक पदार्थ कमी करत जाणे. या दोन वाटांमध्ये निवड करण्यापूर्वी चरबीचा हिशेब मांडणे आवश्यक आहे, कारण तो चुकला तर कोणत्याही वाटेने गेले तरी पहिल्या आठवड्यातच प्रकृती बिघडते.

याचा जुना पुरावा १९२८ मध्ये न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात सुरू झालेल्या प्रयोगातून मिळतो. उत्तर ध्रुवप्रदेशात एस्किमो लोकांबरोबर अनेक वर्षे राहिलेले संशोधक विल्यालमूर स्टेफन्सन आणि त्यांचे सहकारी कार्स्टन अँडरसन यांनी डॉक्टरांच्या देखरेखीखाली वर्षभर केवळ मांस खाल्ले. स्टेफन्सन यांना आरंभी मुद्दाम चरबी नसलेले मांस देण्यात आले, तेव्हा तिसऱ्याच दिवशी त्यांना मळमळ आणि जुलाब सुरू झाले. चरबीयुक्त मांस मिळू लागल्यावर दोन दिवसांत ते बरे झाले. पुढे दोघांच्या आहारातील सुमारे चार पंचमांश ऊर्जा चरबीतून येत होती. अर्थात, दोन माणसांच्या एका वर्षावरून आयुष्यभराच्या परिणामांविषयी काही सिद्ध होत नाही, परंतु प्रारंभीच्या दिवसांविषयीचा हा धडा मला आजही सर्वांत मोलाचा वाटतो.

महाराष्ट्रात हाच हिशेब अवघड ठरतो. बोकडाच्या चरबी काढलेल्या १०० ग्रॅम मांसात सुमारे २० ग्रॅम प्रथिने असतात, पण स्निग्धांश जेमतेम दोन-तीन ग्रॅम असतो. म्हणजे अर्धा किलो मटणातून १०० ग्रॅम प्रथिने मिळाली, तरी ऊर्जा सुमारे ५०० कॅलरीच मिळते. २००० कॅलरींची गरज असणाऱ्याला उरलेल्या १५०० कॅलरींसाठी साधारण १६५ ग्रॅम चरबी, म्हणजे जवळजवळ बारा टेबलस्पून तूप, वेगळे घ्यावे लागेल. त्वचा काढलेल्या ब्रॉयलर कोंबडीवर विसंबणाऱ्याची स्थितीही फारशी वेगळी नसते. म्हणून खाटकाकडे चरबीसह सीन्याचे मटण मागावे, पुणे परिसरात बोल्हाईचे मटण म्हणून मिळणारे मेंढीचे मांस निवडावे, आणि जोडीला अंडी, बांगडा किंवा तारली व तूप ठेवावे. सॉसेज आणि सलामी सोयीची असली, तरी जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये प्रक्रिया केलेले मांस कर्करोगकारक आणि लाल मांस संभाव्य कर्करोगकारक ठरवले आहे, हे विसरू नये.

एकदम सुरुवात करण्याचा लाभ असा की नियम सोपा असतो आणि गोडाची ओढ रोज थोडी थोडी झेलावी लागत नाही. मात्र शरीरातील ग्लायकोजेनचा, म्हणजे यकृतात व स्नायूंत साठवलेल्या साखरेचा, साठा संपताना त्याच्याबरोबर धरून ठेवलेले पाणी बाहेर पडते, इन्सुलिनची पातळी उतरल्याने मूत्रपिंडे अधिक मीठही टाकू लागतात, आणि त्यामुळे डोकेदुखी, चक्कर, थकवा व पायात गोळे येतात. पहिल्या आठवड्यात वजनकाट्यावर दिसणारी घट बहुतांशी या पाण्याचीच असते. निरोगी माणसाला मिठाचा रस्सा किंवा पायाचे सूप यांनी आराम पडतो, पण एवढी चरबी पचवण्याची सवय नसलेल्या आतड्यांना वेळ द्यावाच लागतो.

टप्प्याटप्प्याने जाणाऱ्याला हा वेळ आपोआप मिळतो. आधी साखर आणि मैदा, नंतर भात-भाकरी, मग डाळी व शेवटी भाज्या असा क्रम ठेवल्यास चरबीही त्याच प्रमाणात वाढवता येते. या वाटेचा धोका मधल्या मुक्कामात आहे: तूप आणि मटण वाढले, पण भात सुटला नाही, तर एकूण ऊर्जा वाढते आणि किटोसिस, म्हणजे शरीर साखरेऐवजी मुख्यतः चरबीवर चालू लागण्याची अवस्था, येत नाही. म्हणून प्रत्येक टप्प्याची तारीख आधीच ठरवावी. पित्ताशय काढलेल्यांनी आणि बद्धकोष्ठतेचा किंवा जुलाबाचा त्रास असलेल्यांनी हीच वाट धरावी, आणि माझ्या मते बहुतेक निरोगी माणसांसाठीही हीच अधिक योग्य आहे.

औषधे घेणाऱ्यांचा विचार मात्र वेगळा करावा लागतो. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड चालू असताना पिष्टमय पदार्थ कमी केले, तर रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकते. डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन ही मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांना साखर फारशी वाढलेली नसतानाही किटोअ‍ॅसिडोसिस, म्हणजे रक्तातील आम्ल धोकादायक प्रमाणात वाढण्याचा विकार, होऊ शकतो. आणि रक्तदाबाच्या गोळ्यांचा परिणाम अधिक तीव्र जाणवू शकतो. येथे वाट कोणतीही असो, औषधांची मात्रा डॉक्टरांनी आधी बदलून दिल्याशिवाय पहिला घासही बदलू नये. मूत्रपिंडाचा जुना आजार असलेल्यांनी, गर्भवतींनी आणि आनुवंशिक उच्च कोलेस्टेरॉल असलेल्यांनी हा आहार स्वतःहून घेऊच नये.

सुरुवातीपूर्वी कोलेस्टेरॉल, क्रिएटिनिन, युरिक अ‍ॅसिड आणि एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी रक्तशर्करा) तपासून घ्यावे व सुमारे तीन महिन्यांनी पुन्हा तपासावे. काहींचे एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, या आहाराने बरेच वाढते. तसे झाल्यास वजन उतरले म्हणून तिकडे दुर्लक्ष न करता, भाज्या व सुकामेवा ठेवणाऱ्या सौम्य कमी-पिष्ट आहाराकडे वळणे मी अधिक सुरक्षित मानतो.