देखभालीचं नियोजन आराखड्यासोबत की करारानंतर? संरक्षण प्रकल्प हाती घेणाऱ्यांसाठी

रणगाडा असो, विमान असो की पाणबुडी, प्रकल्प हातात आला की एक निर्णय लगेच समोर उभा राहतो. दुरुस्ती, सुटे भाग, तंत्रज्ञांचं प्रशिक्षण आणि पुरवठा यांचा विचार आराखड्यासोबतच करायचा, की आधी सामग्री चाचण्यांतून पार पडू द्यायची आणि बाकीचं करारानंतर बघायचं? माझा कल ठामपणे पहिल्या मार्गाकडे आहे. पण त्यातही काही गोष्टी मुद्दाम उशिरा ठरवाव्या लागतात.

‘नंतर बघू’ म्हणणाऱ्यांचं म्हणणं आधी नीट ऐकायला हवं. सुरुवातीला पैसा मोजका असतो. वेग, पल्ला, चिलखत हेच पक्कं झालेलं नसताना कोणता भाग किती वेळा बिघडेल, हे सांगता येत नाही. आराखडा बदलला की केलेलं विश्लेषण वाया जातं. शिवाय खरेदीचा पैसा एका शीर्षाखाली आणि देखभालीचा दुसऱ्या शीर्षाखाली असतो. प्रकल्पप्रमुखाला जाब विचारला जातो तो तारखेचा आणि खरेदीच्या किमतीचा, वीस वर्षांनंतरच्या ओव्हरहॉलचा नाही. त्यामुळे कात्री लागली की ती देखभालीलाच लागते.

हे सगळं खरं असलं, तरी अमेरिकेच्या सरकारी लेखापरीक्षण संस्थेच्या हिशेबानुसार शस्त्रप्रणालीच्या आयुष्यभराच्या खर्चापैकी साधारण ७० टक्के खर्च ती वापरण्यात आणि चालू ठेवण्यात जातो. त्याचा मोठा हिस्सा आराखड्याच्या कागदावरच ठरून जातो. पंप बदलायला आधी इंजिन उतरवावं लागणार असेल, तर नंतर कितीही चांगला तंत्रज्ञ आणला तरी इंजिन उतरवावंच लागतं.

एक साधा हिशेब करून बघा. एखादं यंत्र २०० तास चालल्यावर एकदा बिघडतं आणि दुरुस्तीला ४ तास लागतात. म्हणजे ते ९८ टक्के वेळ तयार आहे; यालाच उपलब्धता म्हणतात. आता त्याच दुरुस्तीसाठी सुटा भाग यायला ९६ तास लागतात असं धरा. २०० तासांच्या कामामागे १०० तास यंत्र बंद, आणि उपलब्धता थेट ६७ टक्क्यांवर. ती ८० टक्क्यांवर न्यायला दोन वाटा आहेत. यंत्र दुप्पट भरवशाचं करायचं, म्हणजे ते ४०० तासांनी एकदा बिघडेल. किंवा भागाची वाट पाहण्याचा वेळ ९६ वरून ४६ तासांवर आणायचा. परिणाम अगदी सारखा. पहिल्या वाटेला वर्षानुवर्षांचं संशोधन लागतं. दुसरीला कोणता भाग जागेवर बदलायचा, कोणता मागच्या वर्कशॉपमध्ये पाठवायचा आणि साठा कुठे ठेवायचा, हे वेळेत ठरवणं लागतं. चाचणीच्या मैदानावर मात्र ९८ टक्केच दिसतात, कारण तिथे निर्मात्याची माणसं सुट्या भागांची पेटी घेऊन उभी असतात.

आता दोन्ही मार्गांवरची उदाहरणं शेजारी ठेवू.

स्वीडनचं ग्रिपेन हे लढाऊ विमान १९८८ मध्ये पहिल्यांदा उडालं. युद्धात विमानं महामार्गांवर विखरून ठेवायची आणि सक्तीच्या लष्करी सेवेतल्या तरुणांकडून ती सज्ज करून घ्यायची, ही स्वीडनची आधीपासूनची पद्धत. म्हणून एक तंत्रज्ञ आणि अशा पाच जवानांनी हवाई लढाईसाठी विमान सुमारे १० मिनिटांत पुन्हा तयार करावं, ही अपेक्षा आराखड्यातच उतरली. विमानाची देखभाल कोण आणि कुठे करणार, याचं उत्तर विमान बनण्याआधी तयार होतं.

ऑस्ट्रेलियाच्या कॉलिन्स वर्गाच्या सहा पाणबुड्या १९९६ ते २००३ या काळात नौदलात आल्या. २००९ च्या सुमारास त्यांतली एकच समुद्रात जाण्याजोगी उरली होती. जॉन कोल्स यांच्या समितीने २०११-१२ मध्ये तपासणी केली, तेव्हा जबाबदाऱ्यांची विभागणी, सुटे भाग आणि दीर्घकालीन नियोजन या सगळ्यांतच उणिवा निघाल्या. त्यानंतर आठ वर्षं वापर आणि तीन वर्षं गोदी हे चक्र बदलून दहा वर्षं वापर आणि दोन वर्षं गोदी असं करण्यात आलं, आणि परिस्थिती सुधारली. म्हणजे उशिरा केलेलं नियोजनही उपयोगी पडतं. पण मधली वर्षं परत मिळत नाहीत, आणि बंदरात उभ्या पाणबुडीवर खलाशीही तयार होत नाहीत. त्या नुकसानाचा आकडा कोणत्याच ताळेबंदात दिसत नाही, याची मला सर्वात जास्त चिंता वाटते.

नॉर्वेने २००१ मध्ये १४ एनएच-९० हेलिकॉप्टर मागवली आणि २०२२ मध्ये करारच रद्द केला. वर्षाला ३,९०० उड्डाणतासांची गरज होती, प्रत्यक्षात सरासरी सुमारे ७०० मिळत होते. त्यात हेलिकॉप्टर उशिरा मिळण्याचाही वाटा होता, सगळा दोष देखभालीवर टाकता येणार नाही.

देखभाल कोणाकडे?

लवकर नियोजन करायचं ठरलं तरी पुढची निवड उरते: स्वतःची वर्कशॉपं आणि साठा उभारायचा, की निर्मात्याला उपलब्धतेच्या बोलीवर बांधायचं, म्हणजे सामग्री जितका वेळ तयार राहील त्यानुसार त्याला पैसे द्यायचे? ब्रिटनने २००६ मध्ये टोर्नाडो लढाऊ विमानांसाठी बीएई सिस्टिम्स या कंपनीशी उपलब्धतेवर आधारलेला करार केला. यात चांगलं हे की भाग कमी बिघडण्यात निर्मात्याचाच फायदा असतो. ताफा लहान आणि तंत्रज्ञान वेगाने बदलणारं असेल, तर मी हाच मार्ग सुचवेन. आघाडीवर जाणाऱ्या, संख्येने मोठ्या सामग्रीसाठी मात्र नाही. गोळीबाराच्या पट्ट्यात कंपनीचा माणूस येईल हे गृहीत धरता येत नाही.

कोणताही मार्ग घेतला तरी तांत्रिक माहितीचे हक्क, म्हणजे दुरुस्तीसाठी लागणारी निर्मात्याकडची माहिती वापरण्याची मुभा, निविदा चालू असतानाच, किंमत लिहून घ्यावेत. अमेरिकेच्या एफ-३५ लढाऊ विमानात ही उणीव ठळक दिसते. २०२३ च्या अमेरिकी लेखापरीक्षणानुसार ताफ्याची मोहिमेसाठीची उपलब्धता मार्चमध्ये सुमारे ५५ टक्के होती, दुरुस्तीच्या रांगेत १०,००० हून अधिक सुटे भाग होते आणि लागणारी तांत्रिक माहिती सैन्याच्या हातात पुरेशी नव्हती. स्पर्धा संपली की विकणारा एकच उरतो, आणि मग तो सांगेल ती किंमत.

घाई कुठे करू नये? सुट्या भागांच्या संख्येत. वापराची आकडेवारी हाती नसताना पाच वर्षांचा साठा निर्मात्याच्या यादीवरून घेतला, तर अर्धा गोदामात पडून राहतो आणि नेमका लागणारा भाग संपलेला असतो. दर आणि पुरवठ्याची मुदत आधी बांधावी, संख्या पहिल्या एक-दोन वर्षांच्या अनुभवावरून ठरवावी. याला अपवाद म्हणजे कारखान्यातून लवकर बंद होणारे इलेक्ट्रॉनिक भाग. चिपचं उत्पादन काही वर्षांत थांबतं, सामग्री मात्र तीस-चाळीस वर्षं चालवायची असते.

तुमचा करार आधीच झाला असेल, तर पहिली तुकडी ताब्यात घेण्यापूर्वी देखभालीची चाचणी घ्या. निर्मात्याच्या कारागिराऐवजी तुमचा नुकता प्रशिक्षित जवान, तुमचीच हत्यारं, रात्रीची वेळ आणि हातात मोजे. सर्वाधिक बिघडणारे दहा भाग त्याला बदलायला लावा आणि घड्याळ लावून नोंद ठेवा. उरलेली रक्कम देण्याआधी निर्मात्यासमोर ठेवायला तुमच्या हातात तेवढीच नोंद असेल.