मूळनिवासींचा इतिहास: वेगळा विषय की सगळ्या विषयांत विणलेला?

शाळेत मूळनिवासींचा, म्हणजे युरोपीय वसाहती होण्याआधीपासून त्या भूमीवर राहणाऱ्या लोकांचा इतिहास शिकवायचा, यावर एकमत झालं तरी गाडी पुढच्याच प्रश्नावर अडते. त्यासाठी वेगळा विषय ठेवायचा, की चालू विषयांतच तो विणायचा?

वेगळ्या विषयाचं ठळक उदाहरण म्हणजे कॅनडातला ब्रिटिश कोलंबिया प्रांत. तिथे २०२३-२४ पासून शालेय पदविकेसाठी मूळनिवासींवरच्या अभ्यासक्रमाचे ४ क्रेडिट सक्तीचे झाले. सक्ती आली की वेळापत्रकात तास राखून ठेवावा लागतो, शिक्षक तयार करावा लागतो आणि अवघड भाग घाईत उरकता येत नाही. कॅनडातल्या निवासी शाळा मूळनिवासी मुलांना घरापासून आणि त्यांच्या संस्कृतीपासून तोडायच्या. १९७३ मध्ये सहा वर्षांची मूळनिवासी मुलगी फिलिस वेबस्टॅड आजीने घेऊन दिलेला नवा नारिंगी शर्ट घालून अशाच एका शाळेत गेली. पहिल्याच दिवशी तो काढून घेतला, परत मिळालाच नाही. ही गोष्ट सांगितल्यावर वर्गात जे प्रश्न येतील, त्यांना अख्खा तास द्यावाच लागतो. धोका एवढाच, की सगळी भिस्त एका पेपरवर ठेवली तर पेपर संपला की विषयही संपतो.

ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय अभ्यासक्रमाने विणण्याची वाट धरली. तिथे मूळनिवासींचा इतिहास आणि संस्कृती सगळ्या विषयांतून यावी अशी अपेक्षा आहे. आणि ती छान येऊ शकते! तिथले मूळनिवासी कामिलारोई लोक आकाशगंगेच्या काळ्या पट्ट्यांत इमू पक्षी पाहतात. त्याचं डोकं त्रिशंकू या तारकासमूहाशेजारी. संध्याकाळच्या आभाळात तो कसा दिसतो, त्यावरून इमूची अंडी गोळा करायचा हंगाम ओळखतात. विज्ञानाच्या तासाला हे शिकणाऱ्या मुलाला मूळनिवासी म्हणजे फक्त अन्याय सोसलेली माणसं वाटणार नाहीत, पिढ्यान्‌पिढ्या आभाळ वाचणारी माणसंही दिसतील. मला ही वाट मनापासून आवडते. पण शिक्षकाला माहिती नसेल तर तो हा भाग गुपचूप गाळतो आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

कुठलीही वाट धरा, पैसा लागतोच. अमेरिकेतल्या मोंटाना राज्याने १९७२ च्या राज्यघटनेत मूळनिवासींचा वारसा शिक्षणातून जपण्याचं वचन दिलं, १९९९ मध्ये कायदा केला, पण भरीव निधी मिळाला तो २००५ मध्ये.

माझा कौल असा: शिक्षकांची तयारी झालेली नसेल तर आधी एकच वेगळा विषय सक्तीचा करा आणि स्थानिक मूळनिवासी जाणत्यांना मानधन देऊन वर्गात बोलवा. दोन-तीन वर्षांत त्यांच्यासोबत तयार झालेले धडे मग विज्ञान, भूगोल, भाषेत न्या. तोवर तो वेगळा तास काढून टाकू नका.